बादशहाच्या गालावरची चीर

१

"हा माजा बादशहा नाय," करीमचाचा म्हणाले आणि नाणं त्यांनी टेबलावर ठेवून दिलं.

रविवारची सकाळ, सव्वानऊ. आमच्या वाचनालयात आम्ही पाच-सहा माणसं उभी होतो आणि कुणालाच काही कळेना. नाणं तर तेच दिसत होतं. सोनेरी, रुपयाहून लहान, एका बाजूला रोमचा सम्राट टायबेरियस, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली बाई. सम्राटाच्या गालावरून हनुवटीपर्यंत गेलेली तिरपी चीरसुद्धा जागच्या जागी होती.

"चाचा, चीर आहे की," अवनी म्हणाली.

"चीर हाय. पन ताजी हाय." करीमचाचांची नजर चार वर्षांपूर्वीच गेली. ते बघतात ते अंगठ्याने. "माज्या बादशहाची जखम जुनी. सत्तर वर्सां मी तिच्यावर आंगठा फिरवतोय. तिच्या कडा गुळगुळीत झाल्यायत. ही आंगठ्याला लागते. आनि हा हलका पन हाय."

मी बोट फिरवून पाहिलं. खरंच लागत होती. नखाने खरवडलं तर सोनेरी रंगाखालून पांढुरकं कथील डोकावलं.

मी हेमा. एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. लोक बोलतात ते शब्दाला शब्द टिपायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही, म्हणून ही हकिगत मी सांगते आहे. करीमचाचांच्या घराण्याची एके काळी गलबतं होती, आणि हे खरं सोन्याचं नाणं त्यांच्याकडे सहा पिढ्या आहे. शनिवारी संध्याकाळी वाचनालयात 'रोमन सम्राट आणि त्यांची सत्ता' या विषयावर आमचे जुने अध्यक्ष श्रीपतीभाऊ यांचं व्याख्यान होतं. त्यासाठी चाचांनी ते दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवायला दिलं होतं. ताब्यात घेतल्याची सही अवनीची होती. रोज सकाळी त्यावर एकदा अंगठा फिरवल्याशिवाय चाचांना चैन पडत नाही, म्हणून ते रविवारी आले होते.

अवनी आमची ग्रंथपाल. वय सव्वीस. रोज लांज्याहून एसटीने येते. आई तिकडे काजूच्या कारखान्यात काम करते, आणि घर या दोघींच्याच जिवावर चालतं. वर्षभर ती तात्पुरती होती. त्याच दिवशी चार वाजता कार्यकारिणीची बैठक होती आणि तिला कायम करण्याचा ठराव व्हायचा होता.

अध्यक्षांनी घसा साफ केला. ते दाताचे डॉक्टर आहेत. दात काढायचा हे ठरलेलं असूनही 'बघू या' म्हणायची त्यांना सवय आहे.

"चारपर्यंत नाणं मिळालं नाही तर पोलिसांत द्यावं लागेल," ते म्हणाले. "आणि अवनी, तुझा ठराव... तो मग मांडता येणार नाही. नाव तुझंच द्यावं लागेल, सही तुझी आहे."

अवनीने सहीचा कागद पुढे ओढून पाहिला. मला त्या डॉक्टरांचा असा राग आला की काय सांगू.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "पेटीला कोणी हात लावायचा नाही." अध्यक्षांसकट सगळ्यांनी हात मागे घेतले. अर्ध्या रत्नागिरीने या आवाजाखाली कान धरून उठाबशा काढल्या आहेत.

२

नसीमा माझी मैत्रीण. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अजून सगळे तिला बाईच म्हणतात.

तिने नाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पाहत होती ते नाणं उभं ठेवायचं लाकडी खुंटाळं. बोटभर उंचीचं, वरच्या टोकाला खाच. नाणं खाचेत बसवून लाल दोऱ्याने बांधायचं. करीमचाचांनी ते हातात घ्यायला दोरा नुसता ओढला होता, पण त्याआधी तो कसा होता हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, लक्षात ठेवलं होतं ते नसीमाने. मला म्हणाली, "हेमा, काल फोटो काढलेस ना? दाखव."

फोटो मी व्याख्यान संपल्यावर काढला होता, आठ वाजता, पेटीला कुलूप लागल्यानंतर. त्यात दोऱ्याची बुटाच्या लेससारखी दोन कानांची गाठ दिसत होती.

"ही कोणी बांधली?"

"मी," अवनी म्हणाली.

"आज सकाळी ही गाठ नव्हती," नसीमा म्हणाली. "दोरा खालून वर गोल गोल गुंडाळला होता. नीट, एकावर एक चढवून. गाठच नव्हती, टोक नुसतं शेवटच्या फेऱ्याखाली सरकवलेलं होतं. म्हणजे अदलाबदल काल आठनंतर झाली. किल्ल्या किती?"

किल्ल्यांचे जुडगे दोन, दोन्हींत दाराची आणि पेटीची किल्ली. एक अवनीच्या पर्समध्ये, ती रात्रभर लांज्यात. दुसरा दादूच्या पत्र्याच्या डब्यात. दादू आमचा जुना शिपाई, निवृत्तीला वर्ष राहिलेला. काल दाराला कुलूप त्यानेच लावलं, आज सात वाजता उघडलं तेही त्यानेच. अवनी नऊला आली. कुलूप तुटलेलं नाही, खिडक्यांना गज आहेत.

"सात ते नऊ कोण आलं होतं, दादू?"

"कोन नाय आला ओ बाई. देवाशपत. मी केर काडला, पेपर लावले. वही बगा ना."

दारातली भेटीची वही नसीमाने पाहिली. नऊच्या आधी एकही नाव नव्हतं. दादू खोटं बोलत नव्हता. मी खोटं बोलणारी माणसं एकतीस वर्षं ऐकली आहेत, त्यांच्या शपथा इतक्या आखूड नसतात.

मग सगळं अवनीवरच येत होतं. मी तसं हळूच म्हटलं, तर नसीमाने मला वर्गातल्या मागच्या बाकावर बसवल्यासारखं पाहिलं.

"अवनी, काल कोणी नाणं मागितलं होतं?"

अवनी जरा घुटमळली. "मागितलं असं नाही. व्याख्यानाआधी श्रीपतीभाऊ म्हणाले, एक रात्र घरी नेतो, निवांत बघतो. मी म्हटलं, नाही भाऊ, बाहेर न्यायचं नाही असं चाचांशी ठरलंय. ते हसले. हुशार आहेस म्हणाले."

"त्याआधी कधी त्यांना नाही म्हणालीस?"

"एकदा. त्यांच्याकडे जुनी सात पुस्तकं आहेत. ती परत आणा म्हटलं होतं."

३

वेद गुरव कॉलेजात इतिहास शिकवतो. नसीमाचाच विद्यार्थी. व्याख्यानात लोकांना हाताळायला म्हणून त्याने नकली रोमन नाणी आणली होती, कथलाची, वर सोनेरी मुलामा दिलेली. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा तो ती डबीत ठेवून परत परत पाहत होता.

"किती आणली होतीस?" नसीमाने विचारलं.

"सहा."

"डबीत पाच आहेत."

वेद लालबुंद झाला. "बाई, रात्रीच कळलं होतं मला. पण सकाळी हे ऐकलं आणि तोंडच उघडेना. माझंच नाणं पेटीत निघालं म्हटल्यावर संशय कोणावर जाईल?"

"नकली नाण्यांवर चीर होती?"

"नाही. चेहरे स्वच्छ होते. आपल्याकडे सापडलेल्या काही रोमन नाण्यांवरच असा घाव असतो. का घालत, ते नक्की कोणी सांगू शकत नाही. पण एक तर्क मला पटतो." वेद बोलता बोलता खुलला. "रोमच्या राज्यात नाणं चालायचं ते सम्राटाच्या चेहऱ्यावर. त्याचा हुकूम म्हणून त्याची किंमत. इथे आल्यावर व्यापारी त्या चेहऱ्यावर छिन्नी मारत असतील. सोनं तुमचं ठेवतो, हुकूम तुमचा इथे नाही."

"वा," नसीमा म्हणाली. "परीक्षेत हे लिहिलं असतंस तर दोन गुण जास्त दिले असते. नाणी प्रेक्षकांत वाटली कोणी? गोळा केली कोणी?"

"भाऊंनीच. मी प्रोजेक्टरवर होतो."

वाटेत तन्वीरला गाठलं. तन्वीर करीमचाचांचा नातू, त्यांना दादा म्हणतो; बोटीवर नोकरी, मंगळवारी पुन्हा जहाजावर जाणार. नाणं बाहेर द्यायला त्याचा कडकडीत विरोध होता, आणि व्याख्यान अर्ध्यावर टाकून तो उठून गेला होता, हे सगळ्या मांडवी भागाला माहीत झालं होतं.

"मी तूबाशी फोनवर बोलत होतो," तो तडकून म्हणाला. "लग्न ठरलंय आमचं. पुढच्या सहा महिन्यांत किती बोलायला मिळणार? आणि दादाचं नाणं मी बदलीन? लहानपणी मी रडलो की दादा ते माझ्या हातात द्यायचा."

मी वहीत 'दोरा, गाठी, जहाज' असं लिहून खाली रेघ मारली. नसीमाने ती पाहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझा संशय कळला. पण बोटीवरचा माणूस काहीही बांधेल तर गाठ मारेल. नुसतं टोक सरकवून सोडलं तर पहिल्या लाटेला सगळं सामान पाण्यात."

"मग गाठ न मारता बांधतं कोण?"

"तेच शोधायला भाऊंकडे जाऊ. सगळ्यांना भेटून त्यांनाच टाळलं तर त्यांना राग येईल."

४

श्रीपतीभाऊंची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका शहराबाहेर कातळाच्या कडेला आहे. श्रावणाचे दिवस, पाऊस उघडून ऊन पडलेलं. भाऊ स्वतः पाटावर बसून कलमं बांधत होते. सत्तरीचा माणूस, पण हात कसे झरझर चालत होते.

भाऊ हे आमच्या वाचनालयाचे सर्वस्व. तीस वर्षं अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी मोठा समारंभ करून त्यांनी पद सोडलं. 'आता सगळं तुमच्या स्वाधीन, मी एक साधा वाचक,' म्हणाले आणि सभागृहात बायका रडल्या. मीही रडले होते, खोटं का बोलू. त्यानंतर कपाट कुठे ठेवायचं इथपासून चहा कोणाकडून आणायचा इथपर्यंत सगळं भाऊंना विचारूनच होतं. कालचं व्याख्यानही त्यांचंच, आणि काय रंगवलं होतं!

"या बाई, या हेमाताई," भाऊ नाकावरचा चष्मा सावरत म्हणाले. "ऐकलं मी. वाईट झालं. पोर गुणी आहे हो, पण लहान आहे. जबाबदारी पेलली नाही. मी तर कोणी नाही आता, पण डॉक्टरांना म्हटलं, पोलिसांत देऊ नका, नुसती घरी पाठवा."

बोलताना हात चालूच होते. कोवळ्या रोपाला तासलेली काडी लावायची, प्लास्टिकची पट्टी घ्यायची, खालून सुरुवात करून वर वर गुंडाळत न्यायची.

"खालूनच का बांधता?" नसीमाने विचारलं.

"वरून बांधलं तर प्रत्येक फेऱ्याच्या कडेत पाणी शिरतं आणि कलम कुजतं. खालून बांधलं की पाणी घरंगळून जातं, कौलांवरून जातं तसं." त्यांनी शेवटचा फेरा सैल धरला, टोक त्याखाली सरकवलं आणि ओढलं. "झालं. पन्नास वर्षं बांधतोय. झोपेत दिलंत तरी असंच बांधीन."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. नसीमाने मात्र कलमांचे भाव विचारले, दोन हापूसची निवडली, आणि भाऊ रोप उचलायला वाकले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली चष्म्याची डबी खुळखुळली. भाऊंनी पटकन खिशावर हात ठेवला.

रिक्षात बसल्याबरोबर मी म्हटलं, "भाऊच! पण नसीमा, दादू सांगतो कोणी आलं नाही. आणि भाऊंकडे किल्ली कुठली? त्यांना कसलं पदच नाही."

"काल भाऊंनीच सांगितलं ना? रोमच्या पहिल्या सम्राटाने, ऑगस्टसने, आपल्याला राजा कधी म्हणवून घेतलं नाही. सगळी सत्ता सिनेटला परत केली म्हणाला. रोममध्ये ट्रिब्यून नावाचे दहा अधिकारी असायचे. कुठलाही ठराव ते 'नाही' म्हणून रोखू शकत. ऑगस्टसने ते पदसुद्धा घेतलं नाही. तो 'नाही' म्हणायचा हक्क तेवढा घेतला, मरेपर्यंत. मग पद कोणाला हवंय? पदावरच्या माणसाला निदान जाब विचारता येतो. आणि आपल्या वाचनालयात भाऊंना 'नाही' म्हणालं कोण?"

"अवनी," मी म्हटलं. "दोनदा."

"म्हणून ती जायला हवी. भाऊंना ते उघड म्हणता येईना, कारण ते आता कोणीच नाहीत." नसीमाने कलमं मांडीवर नीट धरली. "राहता राहिला दादू. त्याला मी प्रश्नच चुकीचा विचारला."

५

चार वाजता सगळे जमले. कार्यकारिणी, करीमचाचा, तन्वीर, वेद. भाऊ शेवटच्या रांगेत साध्या वाचकासारखे बसले होते, आणि बोलणारा प्रत्येकजण मान वळवून त्यांच्याकडेच बघत होता. अवनीने राजीनामा लिहून आणला होता. कागद घामाने ओला झाला होता.

"राजीनामा खाली ठेव," नसीमा म्हणाली. "आधी एक छोटी परीक्षा. वेदची नकली नाणी आणि हे खुंटाळं. प्रत्येकाने नाणं दोऱ्याने बांधून दाखवायचं. डॉक्टर, तुम्ही पहिले."

"ह्याचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले, पण उठले. त्यांनी बारीक गाठ मारून वर दुसरी मारली, टाक्यासारखी. वेदच्या हातून नाणं दोनदा पडलं. तन्वीरची गाठ इतकी देखणी होती की चाचांनी ती चाचपून मान डोलावली. अवनीने दोन कानांची गाठ मारली.

"भाऊ, तुम्ही?"

"मी कशाला, मी कोण?" भाऊ हसत पुढे आले. "बाईंची शिकवणी चुकवता येत नाही." मग सभेकडे बघत ते चार शब्द बोलू लागले, वाचनालयाची अब्रू, विश्वास, नवी पिढी. बोटं आपलं काम करत होती. खालून सुरुवात, फेऱ्यावर फेरा, वर आले, शेवटचा फेरा सैल, टोक आत, ओढलं.

नसीमाने माझ्या फोनवरचा कालचा फोटो फिरवला. "काल रात्री आठला ही दोन कानांची गाठ होती. आज सकाळी भाऊंनी आत्ता बांधलंय तसं होतं. हेमाने पाहिलं, मी पाहिलं, डॉक्टर, तुम्हीही पाहिलंत. बागायतदार पावसाचं पाणी शिरू नये म्हणून असं बांधतो. काचेच्या पेटीत पाऊस पडत नाही, पण हाताला ते कोण सांगणार?"

भाऊंचं हसू तसंच राहिलं. "कलमं काय मी एकटा बांधतो? आणि मी आलो कधी? दादूला विचारा."

"विचारते. दादू, आज सकाळी भाऊ किती वाजता आले?"

"साडेसातला," दादू चटकन म्हणाला. "रोजच्यासारके. पेपर वाचायला."

सगळ्या माना एकदम दादूकडे वळल्या.

"अरे, मग सकाळी कोणी आलं नाही म्हणालास!" डॉक्टर ओरडले.

दादू गोंधळला. "भाऊ म्हंजे कोन आला असा थोडाच होतो ओ? भाऊ असतातच. किल्ल्या मागितल्यान, मी डबा दिला न् मागं केर काडीत होतो. तीस वर्सां देतोय." बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं आणि तो भिंतीला टेकला.

"काल नकली नाणी भाऊंनीच गोळा केली," नसीमा म्हणाली. "पाच परत दिली, सहावं घरी नेऊन त्यावर चीर पाडली. त्यांना वाटलं, चाचांना दिसत नाही, नाणं अवनीच्या सहीने परत जाईल आणि महिन्याने कधी कळलंच तर अवनीवर जाईल. चाचांच्या अंगठ्याचा हिशेब राहून गेला. भाऊ, चष्मा तुमच्या नाकावर आहे. मग खिशातल्या डबीत सकाळी काय खुळखुळत होतं?"

भाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मदतीला कोणी बोललं नाही. मग त्यांनी डबी काढली आणि करीमचाचांच्या हातात दिली.

चाचांनी नाणं घेतलं, अंगठा फिरवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "हा माजा," ते म्हणाले.

"एकदा हातात धरून बसायचं होतं," भाऊ खाली बघत म्हणाले. "आणि ती नाही म्हणाली. मला. माझ्या वाचनालयात."

"पोलिस नको," चाचा म्हणाले. "पन भाऊ, पोरीची माफी मागा. हितं, सगळ्यांसमोर."

भाऊंनी हात जोडले. अवनीने मान हलवली, पण 'असू दे' म्हणाली नाही. मला ती त्या क्षणी फार आवडली. डॉक्टरांनी तिला कायम करण्याचा ठराव मांडला आणि सवयीने मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथे आता रिकामी खुर्ची होती. मग पहिल्यांदाच त्यांनी कोणाला न विचारता "मंजूर" म्हटलं.

नाणं घरी न्यायला तन्वीरने हात पुढे केला. चाचांनी ते अवनीला दिलं. "दोन दिवस ठरलेत ना? उद्यापरयंत ऱ्हाऊ दे. तूच बांध."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नसीमा वाचनालयात गेलो. सभागृहातल्या भाऊंच्या मोठ्या फोटोखाली दादू शिडी घेऊन उभा होता.

"काडू काय ओ?" त्याने अवनीला विचारलं.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "तीस वर्षं त्यांनीच चालवलंय. फक्त ती सात पुस्तकं परत यायला हवीत."

तेवढ्यात दारात भाऊ दिसले, हातात जड पिशवी. दादूची पाठ सवयीने वाकली. तो शिडीवरून उतरला, पिशवी घ्यायला दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. मग त्याने टेबलावरची वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"नाव सांगा," तो म्हणाला.

भाऊंनी नाव सांगितलं. दादूने ते सावकाश लिहिलं आणि पुढे वेळ घातली, तीन वाजून दहा मिनिटं.